नदीकाठचे एक शहर आणि त्याचा जुना पूल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी ‘अमेरिकेतील अनुभव’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली आहे. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवलेला मनुष्य. अमेरिकेसारख्या खंडप्राय देशाविषयी अधिकारवाणीने काही सांगावे एवढा माझा वकूब नाही. म्हणून त्या देशाविषयी मी बोलणारच नाही. ज्या एका मध्यम आकाराच्या शहरात मी पाच महिने काढले, त्या शहराच्या मध्यवर्ती पेठेविषयी आणि तेथील एका पुलाविषयी तेवढे सांगणार आहे.

त्या शहराचे नाव चॅटनूगा. ते टेनेसी राज्यात, टेनेसी याच नावाच्या नदीच्या काठी वसलेले आहे. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे त्याची वस्ती सुमारे १ लाख ८१ हजार. आमचे चिरंजीव एका जर्मन मोटार कंपनीच्या चाकण येथील कारखान्यात होते. त्यांची बदली झाली तोपर्यंत हे नाव मीसुद्धा ऐकले नव्हते. त्याच कंपनीचा कारखाना तेथे २०११ साली सुरू झाला. विशेष असे की, ज्या जागेवर आज मोटारी तयार होतात, तेथे दुसऱ्या महायुद्धापासून सैन्यासाठी स्फोटक दारू तयार होत असे.

शहराच्या भोवती डोंगर आहेत. एका अंगास लुकआउट माउंटन, दुसऱ्या अंगास सिग्नल माउंटन. डोंगराच्या कुशीतील वस्तीत सकाळचा धूर कसा कोंडून राहतो, हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मी समजावून सांगावयास नको. तेथे तर ओतीव लोखंडाच्या भट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या आणि तो दारूचा कारखाना. १९६९ साली केंद्र सरकारच्या अहवालात या शहराची हवा देशातील सर्वांत घाणेरडी ठरली आणि वॉल्टर क्रॉन्काइट या नामांकित वृत्तनिवेदकाने ती गोष्ट दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला सांगितली. भर दिवसा मोटारीचे दिवे लावून जावे लागे, अशी आठवण तेथील वृद्ध मंडळी अजून सांगतात.

एवढी नाचक्की झाल्यावर शहर हलले. त्याच वर्षी हवेच्या शुद्धतेसाठी स्थानिक कायदा झाला, स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले आणि धूर आवरण्याची यंत्रे बसवण्यास कारखानदारांना १९७२ पर्यंतची मुदत देण्यात आली. १९८९ साली त्या शहराने हवेतील धूलिकणांविषयीची सरकारी मर्यादा पाळून दाखवली. परंतु हवा निवळत होती तोवर पुष्कळ कारखाने बंद पडले होते. ऐपतदार लोक उपनगरांत राहावयास गेले होते, दुकाने त्यांच्या मागोमाग गेली होती आणि मधली पेठ ओस पडली होती. नदीच्या काठाने चौपदरी रस्ता गेला होता, त्यामुळे ज्या नदीवर गाव वसले तिच्या पाण्यापर्यंत जाण्याची वाटच उरली नव्हती. त्यापूर्वी, १९५० ते ६० च्या सुमारास, ‘शहराची पुनर्रचना’ या नावाखाली पश्चिमेकडील जुनी वस्ती पाडून टाकली होती आणि कॅमेरॉन हिल नावाच्या टेकडीचा माथा छाटून ती माती हमरस्त्याच्या भरावासाठी वापरली होती. वस्तीतील कित्येक कुटुंबे, त्यांत काळे लोक पुष्कळ, कोठे कोठे पांगली. टेकडी कापून रस्त्याला घालणे ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याच्या बुद्धीविषयी मी अधिक बोलत नाही.

पुढे १९८४ साली एक गोष्ट घडली, तिचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते. शहराचे काय करावे हे ठरवण्यासाठी नागरिकांनाच बोलावण्यात आले. ज्याला यावयाचे त्याने यावे. काही महिने सभा चालल्या. सुमारे १,७०० लोक आले आणि इसवी सन २००० पर्यंत काय काय करावयाचे याची चाळीस उद्दिष्टे त्यांनी ठरवली. त्यांत नदीकाठी बाग असावी हे होते, तद्वतच घरच्या माणसांकडून मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयस्थान असावे, गोरगरिबांची घरे दुरुस्त व्हावीत, हेही होते. गटारे, रस्ते आणि बाग यांपलीकडे नगरविकासात काही असू शकते, हे त्या सामान्य लोकांस सुचले.

त्यानंतरची कामे थोडक्यात सांगतो. नदीकाठचा पायरस्ता मैलोगणती वाढत गेला. १९९२ साली गोड्या पाण्यातील जलचरांचे मोठे मत्स्यालय उघडले. डोंगरातील झऱ्यापासून समुद्रापर्यंतचा नदीचा प्रवास त्यात दाखवला आहे. त्याला सुमारे साडेचार कोटी डॉलर लागले व ते खाजगी देणग्यांतून उभे राहिले. त्याच वर्षी पेठेतून विजेवर चालणाऱ्या फुकट बसगाड्या सुरू झाल्या. २००५ साली सुमारे १२ कोटी डॉलर खर्चून काठचा चौपदरी रस्ता अरुंद केला आणि लोकांना पुन्हा पाण्यापर्यंत उतरता येऊ लागले. तेथेच चेरोकी या मूळ रहिवाशांची आठवण म्हणून पायऱ्यांवरून पाणी खेळवले आहे, कारण १८३८ साली त्यांना याच घाटावरून देशोधडीस लावण्यात आले होते. नगरपालिकेच्या मालकीच्या वीजमंडळाने २०१० साली घरोघर अतिवेगवान इंटरनेट दिले, आणि २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा गरीब घरांतील सुमारे २८,००० विद्यार्थ्यांसाठी ते विनामूल्य करण्याची योजना निघाली. त्या वर्षी आपल्याकडे मोबाइलला रेंज मिळावी म्हणून झाडावर चढलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल.

एक शंका मात्र मांडतो. यांतील पुष्कळसा पैसा कोका-कोलाच्या बाटल्या भरण्याच्या धंद्यातून गबर झालेल्या एका घराण्याच्या प्रतिष्ठानाकडून आला. दानशूरपणा थोर खरा. परंतु जो पैसा देतो त्याचे मत सभेत थोडे अधिक ऐकू येते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. शिवाय पेठ सुंदर झाली की तेथील घरभाडे वाढते आणि जो आधीपासून तेथे राहत होता त्याला ते परवडत नाही. हे तेथेही झाले आहे.

आता त्या पुलाकडे येतो. वॉलनट स्ट्रीट ब्रिज हा लोखंडी पूल १८९१ साली वाहतुकीस खुला झाला. त्याची लांबी २,३७६ फूट. १९७८ साली तो जीर्ण झाला म्हणून मोटारींस बंद करण्यात आला आणि पाडून टाकावा असा विचार चालला होता. लोकांनी तो पाडू दिला नाही. वर्गण्या जमल्या, दुरुस्ती झाली आणि १९९३ साली तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी पुन्हा उघडला. वर्गणी देणाऱ्यांच्या नावांच्या लहान पट्ट्या पुलावर लावलेल्या आहेत. मी रोज सकाळी त्या वाचीत वाचीत पूल ओलांडीत असे. लाकडी फळ्यांची जमीन, खाली संथ नदी, धावणारी तरुण मंडळी, बाबागाड्या, कुत्री. अनोळखी माणूसही ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्यावाचून जात नाही. घरी फोन करून मी सौभाग्यवतींना सांगितले की, नगर असावे तर असे.

दक्षिणेकडच्या टोकाशी तीन माणसांचे पुतळे आहेत. थोर पुढारी असतील असे समजून मी सुमारे दीड महिना त्यांच्यावरून गेलो. एके दिवशी तेथे एक वृद्ध काळे गृहस्थ बसले होते. माझे इंग्रजी शाळेतले, त्यांचे उच्चार दक्षिणेकडचे. परंतु दोघेही निवृत्त शिक्षक निघालो, मग भाषेची अडचण फारशी पडली नाही. त्यांनी मला त्या पुतळ्यांची हकीकत सांगितली आणि पुढे वाचनालयात बसून मी ती पडताळून पाहिली.

त्यांतील एक पुतळा एड जॉन्सन याचा. १९०६ साली एका गोऱ्या मुलीवरील अत्याचाराच्या आरोपावरून या काळ्या तरुणास, केवळ गोऱ्या पंचांच्या न्यायमंडळापुढे, अत्यंत डळमळीत पुराव्यावर फाशीची शिक्षा झाली. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन काळ्या वकिलांनी त्याची बाजू उचलून धरली. पार्डन वॉशिंग्टनला गेले आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हार्लन यांच्याकडून त्यांनी फाशीस स्थगिती मिळवली. ती मिळाल्यावर, १९ मार्चच्या रात्री, जमावाने तुरुंग फोडून एड जॉन्सनला याच पुलावर आणले आणि फास देऊन मारले. मी निर्दोष आहे असे सांगून आणि जमलेल्या सर्वांचे देवाने कल्याण करो असे म्हणून तो मेला. त्याच्याही आधी, १८९३ साली, आल्फ्रेड ब्लाउंट नावाच्या माणसाचा याच पुलावर असाच अंत करण्यात आला होता.

सर्वोच्च न्यायालयाने हा स्वतःचा अवमान मानला. त्या न्यायालयाने आपल्या इतिहासात स्वतः चालवलेला एकमेव फौजदारी खटला तो हाच. १९०९ साली शेरीफ शिप आणि इतर पाच जण दोषी ठरले. शेरीफला नव्वद दिवसांची कैद मिळाली. सुटून आला तेव्हा गावाने त्याचे जंगी स्वागत केले. दोन्ही वकिलांना मात्र गाव सोडावे लागले आणि ते पुन्हा तेथे राहावयास आले नाहीत. एड जॉन्सनवरील शिक्षा तेथील न्यायालयाने रद्द केली ती २००० साली आणि हे पुतळे उभे राहिले ते २०२१ साली.

पूल १९९३ साली उघडला आणि पुतळे २०२१ साली आले. मधली अठ्ठावीस वर्षे पुलावर वर्गणीदारांची नावे होती, त्याचे नाव नव्हते.

त्या गृहस्थांनी सांगितले की, त्यांच्या आजीने आयुष्यात कधी या पुलावर पाऊल ठेवले नाही आणि पूल नव्याने उघडला त्या समारंभास ते स्वतः गेले नव्हते. मी विचारले, “मग त्या १९८४ च्या सभांना आपण गेला होता काय?” ते म्हणाले, “एकदा गेलो होतो.” आणि मग त्यांनी मला दुसरी एक गोष्ट सांगितली, जी कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नाही. शहराचा कारभार पाच जणांचे मंडळ पाहत असे आणि त्या पाचही जणांना साऱ्या शहराने मिळून निवडावयाचे असे. त्यामुळे काळ्यांच्या वस्त्यांतील मते इतरांच्या मतांत बुडून जात. १९८७ साली तेथील काळ्या नागरिकांनी याविरुद्ध दावा लावला, १९८९ साली केंद्रीय न्यायालयाने तो मान्य केला आणि १९९० पासून नऊ प्रभागांतून नऊ सभासद निवडले जाऊ लागले. “मत्स्यालय पाहावयास लोक लांबून येतात,” ते म्हणाले, “माझ्या दृष्टीने पेठेतील खरी नवी इमारत ती.”

मग त्यांनी आपल्या पिशवीतील थर्मास उघडला, त्यातील कॉफी झाकणात ओतली आणि ते झाकण माझ्यापुढे केले.

बंधुभगिनींनो, येथे मला एक गोष्ट आपल्यापुढे सांगितली पाहिजे. आम्हा शिक्षकांना शिरगणतीचे काम असते हे आपण जाणता. १९९१ साली साताऱ्यातील काही गल्ल्या माझ्याकडे होत्या. आपल्या आळीत मी ओसरीवर बसून, चहा घेऊन, घरातील माणसे लिहून घेतली. ओढ्यापलीकडच्या एका वस्तीत मात्र मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच नावे लिहिली. एका माउलीने तांब्या पुढे केला, तेव्हा ‘आत्ताच घेतले’ असे म्हणालो. घेतलेले नव्हते. उन्हाची वेळ होती. तिच्या घरातील सात माणसे मी बिनचूक मोजली, वयासकट, आणि त्या वर्षी माझ्या कामात एकही चूक निघाली नाही म्हणून मुख्याध्यापकांनी सर्वांदेखत माझी पाठ थोपटली. कॉफीचे ते झाकण हाती घेताना मला तो तांब्या आठवला. मी कॉफी प्यालो. ती कडू होती, साखर त्यांना चालत नव्हती.

त्यानंतरही आम्ही बरेच वेळा त्याच बाकावर भेटलो. आपल्याकडे प्रभागाची सभा कशी चालते, असे त्यांनी मला एकदा विचारले. अडतीस वर्षे मतदारयाद्या लिहिल्या, परंतु गावच्या कारभाराविषयीच्या एकाही सभेस मी आपण होऊन बसलो नव्हतो, त्यामुळे मला सांगता आले नाही.

हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे आहे असे चिटणीस म्हणतात. त्या गृहस्थांना मी एक प्रत धाडण्याचे कबूल केले आहे. त्यांना मराठी वाचता येणार नाही, तेव्हा सूनबाईंकडून इंग्रजी करून घ्यावे लागेल. ओढ्यापलीकडच्या घराची हकीकत मी त्यांना सांगितली नव्हती. ती आता त्यांच्या वाचनात येईल. जागेअभावी मजकूर कमी करावयाचा झाल्यास मत्स्यालयाचा भाग गाळावा, तो परिच्छेद गाळू नये, एवढी संपादकांस विनंती आहे.