निझाम रेल्वेचे मोटरखाते आणि त्याचे ड्रायव्हर



आज मी तुम्हाला एका खात्याची हकीगत सांगणार आहे. ते खाते आज नाही. त्याच्या गाड्या मोडीत गेल्या. पण नांदेडहून लातूरला जाताना आपण ज्या एस. टी.त बसतो, तिचे मूळ त्या खात्यात आहे. आणि त्या खात्याच्या ड्रायव्हरांवर जी वेळ आली, तिच्याशी तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

मोटर येण्याआधी

मोटर नव्हती तेव्हा माल कसा जात होता? लमाण लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादत. धान्य, मीठ असा माल घेऊन त्यांचे तांडे मुलूखभर फिरत. जवळच्या बाजाराला बैलगाडी होतीच. पुढे रेल्वे आली. मनमाड-सिकंदराबादची रेल्वे नांदेडवरून गेली. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे आली. ती लहान गाडी. तिच्या दोन रुळांमध्ये अडीच फुटांचे अंतर. मुंबईकडे जाणारा माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरायचा. म्हणजे हमाली दोनदा, आणि पोते फाटण्याची भीतीही दोनदा.

शिवाय रेल्वे काही गावोगाव जात नाही. स्टेशनापासून आत पाच-दहा कोस गावे पसरलेली. तिथल्या माणसाने काय करावे? चालावे, नाहीतर गाडी जुंपावी.

खाते सुरू झाले

तेव्हा आपला मराठवाडा हैदराबादच्या निझामाच्या राज्यात होता. १९३० साली निझाम सरकारने रेल्वे कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. जून १९३२ मध्ये त्याच रेल्वेने मोटरखाते काढले. सुरुवातीला गाड्या फक्त २७ आणि माणसे १६६. सरकारने स्वतः प्रवासी मोटरी चालवायच्या, ही गोष्ट त्या काळी हिंदुस्थानात नवी होती. त्या वेळच्या गाड्यांत अल्बियन नावाच्या गाड्या होत्या. त्या विलायतेत, स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात तयार होत.

गाड्यांच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर असे. सातव्या निझामाच्या आईचे नाव जहरा बेगम. तिच्या नावातले ते अक्षर, असे हैदराबादेत सांगतात. तेलंगणाच्या सरकारी बसच्या नंबरात ते अक्षर आजही दिसते.

या खात्याने लोकांना काय दिले? वेळ दिली आणि तिकीट दिले. खासगी मोटर असेल तर ती भरल्याशिवाय हलायची नाही. भाडे माणूस बघून सांगायचे. सरकारी गाडी मात्र ठरल्या वेळी निघे. भाडे छापलेले असे. पाटलाला तेवढेच आणि मजुरालाही तेवढेच. बघा, ही काही लहान गोष्ट नव्हती.

ड्रायव्हरची मेहनत

आता बटण दाबले की गाडी सुरू होते. तेव्हा गाडीच्या तोंडाला लोखंडी हँडल लावून ते जोराने फिरवावे लागे. कधी कधी इंजिन उलटा झटका देई. हँडल मुठीत धरताना अंगठा वेगळा ठेवला तर हात मोडायचा. म्हणून अंगठा चारी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा क्लीनरचा पहिला धडा. आपल्याकडे क्लीनरला किन्नर म्हणत, आणि किन्नर ड्रायव्हरला उस्ताद म्हणे.

गिअर बदलणे ही तर कलाच होती. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनचा आवाज कानाने ऐकायचा आणि मग गिअर टाकायचा. चुकला तर दाते खडखडत. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. हा नियम जुने ड्रायव्हर नव्यांना पाठ करून घेत.

आणि आपली काळी जमीन! पावसाळ्यात चाक रुतले की रुतलेच. बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घालायच्या, उतारूंनी खाली उतरून रेटा द्यायचा. नदीला पूर आला तर पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच मुक्काम.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना. तेव्हा देशात ठिकठिकाणी कोळशाच्या वायूवर मोटरी चालवल्या. गाडीला शेगडीसारखी टाकी बसवायची, तीत कोळसा पेटवायचा आणि त्याचा वायू इंजिनात सोडायचा. अशी गाडी सुरू करायची म्हणजे आधी चूल पेटवण्याइतकी खटपट. चढ आला की ती गाडी दमायची.

खाते गेले

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५१ साली मोटरखाते रेल्वेपासून वेगळे होऊन हैदराबाद राज्य सरकारकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे राज्ये झाली. हैदराबाद राज्य संपले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे ते पाच. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला.

मराठवाड्यातल्या गाड्या आणि माणसेही इकडे आली. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६१ साली ही सेवा एस. टी. महामंडळात मिळाली. अशा रीतीने निझाम रेल्वेच्या मोटरखात्याचे नाव पुसले गेले.

दोन ड्रायव्हर

नाव पुसले, पण माणसे होती. १९८० नंतर मी शाळेत नवा मास्तर होतो. तेव्हा त्या खात्यातले दोन म्हातारे ड्रायव्हर संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. एक मुसलमान. त्यांना सगळा गाव चाचा म्हणे. दुसरे मराठा, त्यांना आबा म्हणत. ही पुढची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे.

निझामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. शाळेतही उर्दू. त्यामुळे चाचांना उर्दू लिहिता-वाचता येई, तसे आबांनाही येई. आबांच्या घरी मराठी बोलत, पण अक्षर शिकले ते उर्दूच. दोघेही शिकलेले. खात्याचा हुकूम वाचायचे, सही करायचे.

१९५६ साली राज्य बदलले. हळूहळू कागद मराठीत आले. पाट्या मराठीत झाल्या. आपल्या लोकांना आनंद झाला, आणि तो खराच होता. आपल्या भाषेत कारभार आला. पण हे दोन शिकलेले गडी मात्र अंगठेबहाद्दरांच्या रांगेत जाऊन बसले. आकडेसुद्धा वेगळे! आपले शून्य म्हणजे गोल. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि गोलासारखे दिसते ते पाच. सांगा, हिशेब कसा लागणार?

चाचांचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. चाचांनी त्याची पाटी घेतली. आधी गाडीवरच्या पाट्या शिकले. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर. त्यात ‘लोहा’ दोन अक्षरांचा, म्हणून तो सगळ्यांत आधी आला. चाचा म्हणायचे, “मास्तर, माझी मराठी लोह्यापासून सुरू झाली.” वर्षभरात ते कागद वाचू लागले. एस. टी.त राहिले आणि पेन्शनीपर्यंत मानाने नोकरी केली.

आबा म्हणाले, “मराठी तर माझी आईची भाषा. ती मला काय शिकायची?” त्यांनी पाटी धरली नाही. खात्यात कागदांची कटकट वाढली, म्हणून नोकरी सोडली आणि लातूरच्या एका मालकाच्या लारीवर गेले.

लारीचे दिवस

ते दिवस लारीचेच होते. १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मन कंपनीच्या मदतीने मर्सिडीज-बेंझ लॉऱ्या बांधायला सुरुवात केली. पुढे नाक काढलेली ती लॉरी सगळ्या रस्त्यांवर दिसू लागली. लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या मोंढ्यात रात्री लॉऱ्या भरत. तूर, करडई, शेंगा, कापूस. लारीचा मोठा फायदा म्हणजे दारात भरली ती दारातच उतरवायची. मध्ये कुर्डुवाडीसारखी चढउतार नाही. म्हणून माल रेल्वेवरून लारीवर वळला.

आबा गाडी चालवण्यात वाघ. पण लारीबरोबर एक कागद असतो, तो म्हणजे बिल्टी. एका रात्री आबांनी शेंगांची पोती स्वतः मोजून घेतली. ९६ भरली. दुकानाच्या माणसाने बिल्टी पुढे केली. आबांनी विचारले, “बरोबर आहे ना?” तो म्हणाला, “हो आबा, करा सही.” आबांनी उर्दूत सही केली. कागदावर १०० पोती होती.

माल पोचला तेव्हा चार पोती कमी निघाली. आबांनी शपथ घेतली. पण शपथ बोलते तोंडाने आणि कागद बोलतो सहीने. त्या चार पोत्यांची किंमत आबांच्या पगारातून कितीतरी महिने कापली गेली. त्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते. ते पुढे ढकलावे लागले. आबा सांगत, “मास्तर, मी खोटा नव्हतो. पण खरे कशाने दाखवू?”

त्यानंतर आबा शाळकरी मुलाकडून बिल्टी वाचून घेत. पण मुलगा काय रात्री लारीवर बसतो?

आपण काय घ्यायचे

मंडळी, आता बैलगाडीऐवजी टेम्पो आहे. तुमचे सोयाबीन, तुमची तूर मोंढ्यात जाते. माल पोत्यात असो की टेम्पोत, कागद असतोच. तो हातात आला की चार गोष्टी पाहा. माल कोणाचा आणि कुठे चालला? नग किती? वजन किती? भाडे कोण देणार? शेवटी बारीक अक्षरात ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे लिहिले आहे का, तेही वाचा. भरलेला माल आणि लिहिलेला माल जुळला, तरच सही करा. नसेल तर म्हणा, “भाऊ, आधी आकडा दुरुस्त करा.” यात लाजण्यासारखे काही नाही.

वाहतूक कंपनीने मालाची पावती द्यावी, असा २००७ चा कायदा आहे. माल हरवला किंवा बिघडला तर दावा लावण्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही माल दिल्यापासून १८० दिवसांच्या आत. तोंडी तक्रार तिथे चालत नाही. म्हणून पावती जपून ठेवा.

राज्ये बदलली. खाती आली आणि गेली. निझाम रेल्वेच्या त्या २७ गाड्यांतून आपल्या रस्त्यांवर वेळेची आणि तिकिटाची शिस्त आली. त्या गाड्या हाकणाऱ्यांनी चिखलातून, पुरातून माणसे सुखरूप पोचवली. त्यांची आठवण आपण ठेवू. आणि चाचांनी चाळिशीच्या आसपास मुलाची पाटी हातात घेतली, तेही विसरणार नाही. तुमच्यापैकी बहुतेक जण त्याच वयाचे आहेत.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने घरातली एखादी पावती, तिकीट किंवा बिल्टी घेऊन यावी. आपण ती मिळून वाचू.