कुंपणावरची घाणेरी

बंगल्यांच्या कुंपणावर, रेल्वेच्या रुळांलगत आणि सह्याद्रीच्या उतारांवर एकच झुडूप बहुतेक वर्षभर हिरवें व फुललेलें दिसतें. कोणी त्याला टणटणी म्हणतात, कोणी घाणेरी. रोपवाटिकेंत तेंच लँटाना या भारदस्त नांवानें विकलें जातें, आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं तें हौसेनें पैसे मोजून घरीं आणलेंही असेल. मूळचें तें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेसाठीं आलेला हा पाहुणा पुढें देशभर पसरला.

त्याला ओळखण्यास डोळ्यांइतकाच हात उपयोगी पडतो. कोवळी फांदी बोटांत धरली तर चौकोनी लागते, आणि तिचे मागें वळलेले बारीक कांटे टोचतात. पानें समोरासमोर, खरखरीत, दातेरी कडांचीं. चुरगळतांच असा उग्र दर्प येतो कीं नांवाची सार्थकता पटावी. फुलांचा गुच्छ मात्र मोहक. मधलीं ताजीं फुलें पिवळीं, कडेचीं जुनीं नारिंगी, गुलाबी किंवा तांबडीं. फुलपांखरें बहुधा पिवळ्यांकडेच वळतात, कारण मध तेथें असतो.

खरी गोम फळांत आहे. हिरवे मणी पिकून चकचकीत काळेजांभळे होतात, बुलबुल ते आवडीनें खातात, आणि बीं त्यांच्या विष्ठेंतून दूरवर पडतें. गच्चीवरच्या कुंडींतील हौस अशी एखाद्या टेकडीच्या गवतावर येते. गवत संपलें कीं भुकेलीं गुरें हा पाला खातात. त्यांतील विषानें यकृत बिघडून कावीळ होते, उन्हांत कातडी सोलवटते, आणि पुष्कळदां जनावर दगावतें. ज्याची एकच गाय आहे, त्याला हा घाव कसा सोसावा?

तरीही लावण्याचा मोह आवरत नसेल, तर फळ न धरणाऱ्या जातीचें छाटकलमच लावावें. भरपूर ऊन, निचऱ्याची माती, माफक पाणी; एवढ्यांत तें खूष असतें. सुकलेले गुच्छ वेळींच कापावेत. एक जरी हिरवा मणी दिसला, तरी विक्रेत्याचा शब्द विसरून झाड उपटावें.

माजलेलें झुडूप नुसतें वरून छाटल्यास पुन्हां जोमानें फुटतें. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांची रीत अधिक शहाणपणाची: जमिनीखालीं ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडावें व झुडूप उलटें करून ठेवावें. पुढील पावसाळ्यांत, पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखालीं उगवलेलीं रोपें माती मऊ असतांनाच हातानें उपटावींत. हातमोजे मात्र घालावेत.