झोपून राहा, असं डॉक्टरांनी सांगितलंय का?

पलटणीत आयुष्य काढलेला माणूस गरोदरपणातल्या व्यायामावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण छावणीतल्या क्वार्टर्समध्ये मी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली. नवरा सीमेवर. इकडे बायकोला दिवस गेल्याचं कळलं, की माहेर आणि सासर दोन्हीकडून फोनवर एकच हुकूम, 'आता फार हिंडू-फिरू नकोस.' हुकूम देणाऱ्यांत डॉक्टर बहुतेक वेळा नसायचेच.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला वेगळा आहे. काही गुंतागुंत नसेल तर गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. 'नाडी १४० च्या वर नको' हे अजूनही ऐकू येतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातलेली ती मर्यादा त्यांनीच १९९४ मध्ये काढून टाकली. नियमित हालचालीने गरोदरपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका कमी होतो.

आता सुरुवात कशी करायची, ते. लेहला, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर, विमानाने उतरलेल्या जवानाला आम्ही पहिले दोन दिवस नुसती विश्रांती देतो. मग सपाटीवर हळू चालणं, मग थोडा चढ. पीटीत पहिला येणाराही यातून सुटत नाही. व्यायामाची सवय नसलेल्या गरोदर बाईनेही असंच करावं, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरेत. आणि लेहचा विषय निघालाच आहे तर, डोंगरात न राहणाऱ्या बाईने या दिवसांत तिथे जाऊन व्यायाम करू नये.

'घरकाम हाच व्यायाम' हे वाक्य मला पटत नाही. ते बहुधा पुरुषच म्हणतात. ओट्यापाशी तीन तास उभं राहिल्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. चालायला वेळ हवा असेल तर कामातला काही भार घरातल्या दुसऱ्या कुणी उचलायला हवा.

पहिले तीन महिने उलटल्यावर फार वेळ उताणं झोपून व्यायाम नको. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते. पडण्याची भीती असलेले खेळही नकोत. मे महिन्यात चालायचं तर ऊन चढण्याआधी.

आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो तीव्र असेल, वार खाली असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर डॉक्टर काय सांगतात तेवढंच करायचं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. तिथे सरळ विचारा, 'मी किती चालू?'

चालताना रक्तस्राव झाला, पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं खूप दुखलं, पोटरी सुजून दुखली किंवा ठरावीक अंतराने कळा आल्या, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. नवरा लांब असेल तर शेजारच्या वहिनींना बरोबर घ्या. डॉक्टरांचा नंबर त्यांच्याही फोनमध्ये असू द्या.