खळ्यावरची धाप



मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण ज्वारीची मळणी लागली की घरातला एखादा रात्री उठून बसतो, छातीत शिट्टी वाजते, पहाटे खोकल्याची उबळ येते. आपण म्हणतो, धूळ गेली असेल. चार दिवस बरा, पुन्हा तेच. असा येतो-जातो तो बहुधा दमा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मात्र थुंकी तपासा, क्षय नाही ना पाहा. दम्याची खात्री यंत्राच्या नळीत फुंकून करतात. एकदा फुंकायचे, औषध ओढायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. आकडा चांगला वाढला तर दमाच धरतात.

पंपाची सवय लागते ही निव्वळ अफवा! उलट इंजेक्शनातले स्टिरॉइड सगळ्या अंगात भिनते. पंपातले थोडे, तेही बहुतेक छातीपुरते. नुसत्या धापेच्या पंपावर भागवू नका. सूज उतरवणारा पंप बरे वाटले तरी चालू ठेवा, ओढल्यावर चूळ भरा. मळणीयंत्राच्या तोंडाशी दमेकरी नकोच. रुमालातून बारीक धूळ जातेच. बिडीचे मी काय सांगावे?

बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. धापेचा पंप देत राहा आणि १०८ ला फोन लावा.