दोन गुंठ्यांची चूक

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. त्या संधी आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतात, तेव्हा तो विषय मी सोडला आहे. मी जमिनीच्या नकाशांबद्दल बोलणार आहे. पहिल्या रांगेत भूगोलाच्या बाई बसल्या आहेत, म्हणून थोडी धाकधूक आहे. नववीत नकाशाखाली प्रमाण लिहिलं नाही म्हणून बाईंनी माझा अर्धा गुण कापला होता. त्या अर्ध्या गुणाची खरी किंमत मला चाळिशीजवळ कळली. ती कशी, ते सांगते.

इंजिनिअर झाल्यावर मी पुण्याला नोकरीला लागले आणि पुढची बरीच वर्षं कॅनडाच्या जमिनीत घालवली, खुर्चीत बसून. तिथल्या पश्चिमेकडच्या प्रांतांत जमिनीचा पत्ता आपल्यासारखा गाव-गट नंबर असा नसतो. तिथे १८७१ साली विनिपेगजवळ एक मध्यान्ह रेषा धरून मोजणीला सुरुवात झाली आणि सगळं गवताळ माळरान चौकोनांत कापलं गेलं. सहा मैल गुणिले सहा मैलांची एक टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग. त्या प्रत्येक भागाचे चार तुकडे, म्हणजे १६० एकरांचा एक. त्यामुळे शेतकरी पत्ता सांगतो तो असा: भाग २२ चा नैर्ऋत्य चतकोर, टाउनशिप १४, रेंज ३, चौथ्या मध्यान्ह रेषेच्या पश्चिमेला. महाराष्ट्राहून मोठ्या मुलखात तुम्ही डोळे मिटून बोट ठेवू शकता. (आपल्याकडे मात्र 'मारुतीच्या देवळामागे, जांभळाच्या उजवीकडे', आणि जांभूळ तोडून पंधरा वर्षं झालेली.)

असा पत्ता दिला की अक्षांश-रेखांश काढून द्यायचे, हा आमच्या प्रोग्रामचा धंदा. त्यासाठी लागणारी माहिती तिथलं सरकार खुली ठेवतं. मोजणीची जाळी, गावांची, नद्यांची, तळ्यांची नावं, सगळं उतरवून घेता येतं. नावांसाठी तर १८९७ पासून एक स्वतंत्र मंडळ आहे.

तिथल्या कामात एक नियम मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचे. पृथ्वी गोल आहे, मध्यान्ह रेषा उत्तरेला जवळ येत जातात, मोजणारी माणसं थंडीत चिखलातून साखळी ओढत होती. त्यामुळे कागदावरचा चौकोन आणि जमिनीवरचा चौकोन तंतोतंत जुळत नाहीत. मग खरा कोणता? तर त्या वेळी मोजणीदाराने जमिनीत रोवलेली खूण. ती चुकीच्या जागी रोवली गेली असली तरी हद्द तीच. गणिताने जमिनीवरच्या खुणेपुढे मान तुकवायची. हे मी किती वेळा, किती रुबाबात सांगितलं असेल!

आता नागावच्या वाडीकडे येते.

आमची वाडी बारा गुंठ्यांची, नारळ-सुपारीची. तिला लागून काकांची तेवढीच. बाबा २०१६ मध्ये गेले. मी पुण्यात, आई अलिबागला, त्यामुळे दोन्ही वाड्यांचं शिंपणं-पाडणं काकाच बघायचे. २०१८ च्या गणपतीत मी घरी आले तेव्हा मला हुक्की आली. सातबारा ऑनलाइन होता. महाभूनकाशावर गाव आणि गट नंबर टाकला की गटाची आकृती दिसत होती. मी ती आकृती उपग्रहाच्या चित्रावर बसवली, चार कोपरे ताणून जुळवले, आणि मोबाईल हातात धरून कुंपणाच्या कडेने चालले. पडद्यावर काय दिसलं? काकांचं कुंपण आमच्या बाजूला पाच मीटर आत! कुंपणाची लांबी चाळीस मीटर. पाच गुणिले चाळीस म्हणजे दोनशे चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. जवळजवळ दोन गुंठे.

आज अलिबागला दोन गुंठे म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

शहाणपणा असा की मी तो लॅपटॉप उघडला ऋषिपंचमीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना. आत्या होती, चुलत भावंडं होती. काकांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "बाय, हे तू मोजलंस?" मी हो म्हटलं. ते पानावरून उठले. ऋषीची भाजी तशीच राहिली. पुढची दोन वर्षं ते गणपतीला आमच्याकडे आले नाहीत, आणि आईने माझ्याशी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. तेच जास्त लागत होतं.

चूक कुठे होती, ते आता तांत्रिक भाषेत सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण हेच करत असणार. साध्या मोबाईलचा जीपीएस मोकळ्या मैदानावरसुद्धा तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो. माडांच्या आणि पोफळींच्या दाट झावळ्यांखाली त्याहून जास्त. उपग्रहाचं चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. आणि गावनकाशा मुळात कागदी. तो घड्या पडलेला, आक्रसलेला. मग त्याची प्रतिमा, मग अंकीकरण. मी चार कोपरे ताणून तो 'जुळवला', म्हणजे तीन चुका एकावर एक ठेवून वर शिक्का मारला. संकेतस्थळावरच्या आकृतीवरून हद्द ठरत नाही, त्यासाठी मोजणीच लागते, हे मला ठाऊक होतं. बाईंनी कापलेला अर्धा गुण तोच: प्रमाण काय, ते न बघता नकाशा वाचायचा नाही.

शेवटी २०२१ मध्ये मोजणीचा अर्ज काकांनीच केला. मला फोनही काकूने केला, "ये म्हणाले, नोटीस तुझ्या आईलाही येईल."

भूकरमापक आले, तिपाईवर ईटीएस यंत्र लावलं. पण त्याआधी त्यांनी पिशवीतून जुन्या टिपणाची नक्कल काढली. मी ते टिपण पहिल्यांदा पाहिलं आणि खजील झाले. आपल्या मुंबई इलाख्यातली मोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून बसवली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. टिपणात मधली एक सरळ रेषा आणि तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतची अंतरं, साखळी-आण्यांत लिहिलेली. लोखंडी साखळी ओढत माणसांनी दोन फुटांपर्यंत नेमकं काम करून ठेवलं होतं, आणि मी उपग्रह वापरून पाच मीटर चुकले होते.

भूकरमापकांनी विचारलं, "इथे हद्दीचा दगड असायला हवा. आहे?" काका कुदळ घेऊन सरळ एका पोफळीच्या बुंध्याशी गेले, वीतभर माती ओढली आणि दगड दाखवला. दुसरा विहिरीच्या मागे, दांडाच्या कडेला. दोन्ही आजोबांनी त्यांना लहानपणी दाखवलेले. यंत्राची रेघ दगडाला जाऊन मिळाली. काकांचं कुंपण आमच्या बाजूला नव्हतंच. उलट वीतभर त्यांच्याच बाजूला आत होतं. क प्रत आली तेव्हा आकडेही तेच सांगत होते.

मी माफी मागितली. काका म्हणाले, "दगड विचारला असतास तर दाखवला असता." ते वाक्य अजून माझ्या टेबलासमोर आहे, कागदावर लिहिलेलं नाही, पण आहे.

त्यानंतर मी ऑफिसातलं काम वेगळ्या नजरेने बघायला लागले. तुम्हाला आठवतं, शाळेतून आपल्याला चुंबकीय वेधशाळा बघायला नेलं होतं? मुलींनी केसांतल्या पिना काढून ठेवायच्या म्हणून किती कुरकुर केली होती! कुलाब्याच्या वेधशाळेजवळ विजेच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं, इमारतीत लोखंड न वापरता. कॅनडाच्या एका कामात मला चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक हवा होता, म्हणून जगभरच्या वेधशाळांची यादी उघडली. त्यात तीन अक्षरं: ए-बी-जी. अलिबाग. ऑफिसात मी एकटीच हसत बसले. १८५९ च्या मोठ्या सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत होती, आणि ती जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी बाहेर काढून त्या वादळाचा जोर अजमावला. रोजचा आकडा रोज लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आपल्याकडेही आता खूप खुलं झालं आहे. किनाऱ्यालगतचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे बाईंना वर्गात आणता येत नसत. २०१७ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात. (त्यावर आमची वाडी मिलिमीटरभरही भरत नाही, तेव्हा त्यावरून कुणी भांडू नये.) २०२१ मध्ये नकाशे बनवण्यावरची परवान्यांची कटकट गेली. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणातल्या घरांची मोजणी होते आहे. याचं मोल आपल्या तालुक्याला वेगळं सांगायला नको. कसतो एक आणि कागदावर दुसराच, या दुखण्यावर चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमीन न कसता संप केला होता.

पण एक गोष्ट कुठल्याच संचात नाही. शेतांची, खारींची, पाखाड्यांची, बांधांची नावं. गट नंबर आहे, नाव नाही. काकांना आमच्या आसपासच्या तीसेक तुकड्यांची नावं तोंडपाठ आहेत, त्यांच्या मुलाला पाच, मला दोन. म्हणून मागच्या टेबलावर मी अलिबाग तालुक्याचा मोठा नकाशा आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. आपल्या घरच्या वाडीचं, खाचराचं, उघडीचं नाव त्यावर लिहा, आणि कुणाकडून ऐकलं तेही. घरी म्हातारं माणूस असेल तर आज रात्रीच फोन करून विचारा. खाडाखोड चालेल, म्हणूनच पेन्सिल ठेवली आहे.

काका आज आले नाहीत, सुपारी सोलायला माणसं आली आहेत. त्यांनी आपल्या सगळ्यांसाठी असोले नारळ पाठवलेत. पोतं त्या टेबलाखालीच आहे.