इंग्रजी जगाची भाषा, मग सही कुठल्या भाषेत?

(पुणे येथे झालेल्या संघाच्या मेळाव्यात क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्याच बैठकांतून आला आहे. पोरांच्या शाळेचं बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, "इंग्रजी आली की जग जिंकलं." त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, "आपलं काय, आपण अडाणी." या दोन्ही वाक्यांवर मला बोलायचं आहे.

आपण गटाच्या बायका, हिशोबाशिवाय पुढे जात नाही. जगात ८०० कोटींवर माणसं आहेत. त्यात कामापुरती का होईना, इंग्रजी येणारी १५० कोटींच्या आसपास असतील, असा अंदाज आहे. म्हणजे पाचात एक. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींपैकी सुमारे १३ कोटी लोकांनी इंग्रजी येते असं सांगितलं. म्हणजे दहात एक. मराठी मातृभाषा सांगणारे मात्र ८ कोटी ३० लाख होते. तेव्हा इंग्रजी न येणारी बाई अडाणी म्हणायची, तर दहातली नऊ माणसं अडाणी म्हणावी लागतील!

मग इंग्रजी सगळीकडे दिसते का? कारण ती कागदाची भाषा आहे. हायकोर्टाचं काम, हिंजवडीतल्या कंपन्या, परदेशाशी व्यापार, डॉक्टरकीचं शिक्षण, सगळं इंग्रजीत. जगातली सगळी माणसं ती बोलत नाहीत, पण सत्तेचा आणि पैशाचा बराच कागद तिच्यात लिहिला जातो.

हे पहिल्यांदाच झालंय असंही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे दरबाराचा कागद फारसी वळणाचा होता. अर्ज, तारीख, जमीन, दस्तऐवज हे शब्द तिकडूनच आले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला आणि कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य आपलं, तर कारभाराचे शब्दही आपले, हा त्यामागचा विचार. कागदाची भाषा माणसंच ठरवतात आणि माणसंच बदलतात.

म्हणून इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. याच पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे सावित्रीबाई शिकवत होत्या. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह आला. इंग्रजी शिका, असं त्यांनी त्यात कळकळीने सांगितलंय. पण सांगितलं मराठीत! ज्यांना सांगायचं, त्यांना कळलं पाहिजे ना?

आता आपल्या घरातलं बोलू. एका गावात फायनान्सवाल्यांकडून एका ताईंनी कर्ज घेतलं. कागद सगळे इंग्रजीत. बोट दाखवलं तिथे सही केली. हातात पैसे कमी आले तेव्हा विचारलं. विमा आणि प्रोसेसिंग फी कापली होती आणि ते कागदात लिहिलेलं होतं. सही ताईंचीच होती. लिहिता-वाचता येणारी बाई त्या कागदापुढे निरक्षर झाली.

मैत्रिणींनो, याला नियम आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेल्या कर्जाला सूक्ष्म कर्ज म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे त्याचा करारनामा कर्जदाराला समजेल अशा भाषेत पाहिजे. लोन कार्डावरच्या नोंदीही तशाच पाहिजेत. व्याज आणि सगळे आकार दाखवणारं साधं माहितीपत्रक आधी मिळालं पाहिजे. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. मराठीत कागद मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा.

एक, ठराव लिहा: मराठी कागद मोठ्याने वाचून झाल्याशिवाय गटातली कुठलीही बाई कर्जाला सही करणार नाही. साहेब घाईत असले तर त्यांना चहा द्या, सही देऊ नका.

दोन, घरातलं लोन कार्ड बैठकीत आणा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि नंबर त्यावर असायला हवा. तिथे दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर पुढे काय करायचं ते विचारा. तिथे मराठीत बोलता येतं.

तीन, इंग्रजी शिका. पोरांच्या पुस्तकातून सुरुवात करा. आपल्या मालाच्या लेबलावर दोन्ही भाषा येऊ द्या. मोबाईलवर मेसेज आला तर 'डेबिट' म्हणजे पैसे गेले, 'क्रेडिट' म्हणजे आले, एवढं तरी प्रत्येकीला वाचता आलं पाहिजे.

इंग्रजी जगाची भाषा असेल किंवा नसेल. कर्ज मात्र आपण फेडणार आहोत. मग ते आपल्याला कळलंच पाहिजे.

जय सावित्री!