क्रिएटिनिन नॉर्मल आहे, तरीही

‘मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ हा प्रश्न एरवी रास्त आहे. दाढ दुखली की माणूस आपणहून दवाखाना गाठतो. किडनीच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. प्रत्येक किडनीत रक्त गाळणाऱ्या सुमारे १० लाख सूक्ष्म चाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटरची लघवी होते. एक किडनी दान केलेला माणूसही सहसा नीट जगतो, इतकी ही ताकद गरजेपेक्षा जास्त आहे. आणि फसगत होते ती इथेच. काही चाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या त्यांचं काम ओढून घेतात, माणसाला पत्ताही लागत नाही. पायांवर सूज, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, धाप लागणं, ही लक्षणं बहुधा फार उशिरा येतात. गेलेल्या चाळण्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून इथे त्रासाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तपासायचं काय? बहुतेकांना क्रिएटिनिन ठाऊक असतं. ते स्नायूंतून रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. पण किडनीची निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. शिवाय तो स्नायूंवर अवलंबून असतो. सत्तरीच्या सडपातळ आजींचं १.१ आणि तिशीतल्या पैलवानाचं १.१ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, रिपोर्टवर मात्र दोन्हींपुढे ठळक खूण नसते. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ‘ईजीएफआर’चा आकडा पाहावा. तो सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो दीर्घ मुदतीचा किडनीविकार समजतात. दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची, आणि माझ्या मते दुर्लक्ष होतं ते हिच्याकडेच. चाळणीला इजा झाली की प्रथिन झिरपू लागतं, अनेकदा क्रिएटिनिन हलण्याच्या आधीच. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन असेल, तर ती धोक्याची सूचना. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, मुतखडे वारंवार होत असतील, त्यांनीही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ‘तपासलं की गोळ्या लागतात, आणि गोळ्यांनीच किडनी खराब होते.’ यात अर्धं सत्य आहे, पण बोट भलत्या गोळीकडे आहे. किडनी निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं म्हणजे आटोक्यात नसलेली साखर आणि रक्तदाब. त्यांच्या गोळ्या किडनी वाचवतात. रक्तदाबाच्या काही औषधांनी सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, म्हणून एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. तेवढ्यावरून गोळी स्वतःहून बंद करू नये. गुडघेदुखीसाठी चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र कुणालाच औषध वाटत नाही. ही वेदनाशामकं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात; जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलेलं असताना तर ती फारच महागात पडतात. धातूंची भस्मंही ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त घेण्याजोगी नाहीत.

मिठाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. ‘आम्ही वरून मीठ घेतच नाही’ म्हणणाऱ्यांच्या ताटात लोणचं, फरसाण आणि पापड असतोच. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असतं, जिभेला खारट लागो न लागो. सैंधवही मूळचं मीठच. कमी सोडियमचं मीठ घ्यावं, तर त्यात पोटॅशियम असतं. किडनी दुबळी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पाण्याबद्दल उलटा गैरसमज आहे: भरपूर प्यायलं की किडनी धुऊन निघते! तसं होत नाही. तहानेपुरतं पाणी आणि फिकट पिवळी लघवी, निरोगी माणसाला एवढं पुरे. उन्हात राबणाऱ्यांचं वेगळं. निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड कामगारांत मधुमेह नसतानाही किडनीविकार आढळला आहे आणि त्यामागे उष्णता व पाण्याची तूट ही प्रमुख कारणं मानली जातात. आपल्या फडांवर पाण्याची आणि सावलीतल्या विश्रांतीची सोय ही म्हणूनच आरोग्याची बाब आहे.

आता राहिली धास्ती. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. म्हणून एका रिपोर्टवर निदान होत नाही. तीन महिन्यांच्या आत सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी पुन्हा करतात. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती फाइल सोबत न्या, कारण एका आकड्यापेक्षा तो गेल्या तीन वर्षांत कुठून कुठे आला, हे त्यांना आधी पाहायचं असतं.